तेल आणि मेहनत

(महाड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी वर्गात जितके रमायचे तितकेच मैदानावर रमायचे, असं संयोजकांनी मला सांगितलं. म्हणून आज मी शरीरावर बोलणार आहे. त्यातही आपल्या स्नायूंवर. ते लवचिक कसे राहतात? बळकट कसे होतात? तेल लावून रगडल्याने किती होतं, आणि वजनाविरुद्ध जोर लावल्याने किती होतं? मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुखऱ्या कमरा, आखडलेले खांदे, वाजणारे गुडघे हेच माझं रोजचं काम. तेव्हा जे बोलेन ते या कामातून आलेलं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला ताटकळत बसावं लागणार नाही. आपल्या जुन्या तालमीत तेल आणि मेहनत एकत्र नांदत होती. आपण घराघरांत तेल ठेवलं आणि मेहनत सोडून दिली. गुडघा दुखला, तेल. कंबर धरली, तेल. म्हातारीला उठवत नाही, तेल. तेलाने बरं वाटतं, हे खरंच आहे. पण बळ तेलाने येत नाही. बळ येतं ते स्नायूला थोडं जड, मग आणखी थोडं जड काम दिल्याने. आणि हे काम या डोंगराळ मुलखात, दिवसभर राबणाऱ्या बायकांना आणि सत्तरीच्या पुढच्या माणसांना सगळ्यांत जास्त हवं आहे.

तालमीपासून सुरुवात करू. कोल्हापूरची गंगावेश तालीम, मोतीबाग तालीम ही नावं तुम्ही ऐकलेली असतील. राजर्षी शाहूंनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचं मैदान उभं केलं. तिथल्या आखाड्यात लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालतात. पहाटे पोरं उठतात, हौद्यातली माती खोऱ्याने खणतात, जोर मारतात, बैठका काढतात, दोर चढतात, मुद्गल फिरवतात. एखादा जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका काढतो. याला तालमीत ‘मेहनत’ म्हणतात. मेहनत झाली की पैलवान एकमेकांना रगडतात, लहान पोरं वस्तादाचे हातपाय चेपतात. त्यानंतर खुराक, त्यानंतर झोप. हा क्रम बघा. आधी मेहनत, मग मालीश, मग खुराक, मग विश्रांती. नुसती मालीश करून घेणाऱ्याला कुठल्या वस्तादाने पैलवान म्हटलंय? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, ते अशाच आखाड्यांच्या वातावरणात घडले.

आणि हा क्रम काही तालमीने शोधलेला नाही. अष्टांगहृदयात वाग्भटाने दिनचर्या सांगितली आहे. त्यात रोज अभ्यंग आहे; डोकं, कान आणि पायांना तेल लावण्यावर विशेष भर आहे. पण तिथे तो थांबत नाही. लगेच व्यायाम सांगतो. तोही आपल्या ताकदीच्या निम्म्याने, थंडीत आणि वसंतात. इतर दिवसांत त्याहून कमी. व्यायाम झाल्यावर पुन्हा सर्वांग सुखावेल असं मर्दन करायला सांगतो. म्हणजे अभ्यंग, व्यायाम, मर्दन. व्यायाम मधोमध आहे. आपण तो मधला भाग गाळला. दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे उठून तेल लावतो, उटणं लावतो, आणि फराळाला बसतो.

शिवथरघळ आपल्याच महाड तालुक्यात आहे. दासबोध तिथे लिहिला गेला असं परंपरा मानते. ज्या समर्थांनी गावोगाव मारुती उभे केले, त्यांच्या घळीला आपण वर्षातून एकदा जाऊन नमस्कार करतो. मारुतीलाही तेलच वाहतो. बलोपासनेतली उपासना आपण नेमाने केली, बल मात्र मागे राहिलं, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

आता मालिशीकडे नीट पाहू. नीट पाहायचं म्हणजे काय, ते याच मातीने जगाला शिकवलेलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. लाल विंचवाच्या दंशाने माणसं मरत होती, मुलं मरत होती. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध या दंशात जीव वाचवतं हे दाखवून दिलं. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने ते छापलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सगळे सांगतात म्हणून त्यांनी काही मानलं नाही. रोगी पाहिला, मोजलं, लिहून ठेवलं. मालिशीचा हिशोबही आपण तसाच करू.

मालिशीने काय होतं? हात फिरला की कातडीतल्या आणि स्नायूंतल्या मज्जातंतूंना संदेश जातो, मेंदू सैलावतो, दुखणं कमी जाणवतं. सवय नसताना कष्ट केले तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकतं. तो ठणका मालिशीने थोडा उतरतो. सांधा थोडा जास्त वळतो. झोप चांगली लागते. हे कमी नाही. पण ताकद? २०२० साली एकोणतीस अभ्यास एकत्र करून, हजारावर लोकांचे निकाल तपासले गेले. लवचिकतेत आणि ठणक्यात थोडा फायदा दिसला. ताकदीत, धावण्यात, उडीत, दमसासात काहीच फायदा दिसला नाही.

‘मालीश केली की स्नायूत साठलेलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं’, हे तुम्ही जिममध्ये ऐकलं असेल. ते साठून राहतच नाही. मेहनत थांबवल्यावर तासाभरात शरीर ते स्वतःच वापरून टाकतं. दुसऱ्या दिवशीचा ठणका असतो तो स्नायूच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचा, आणि त्या भरून येताना होणाऱ्या सुजेचा. काही दिवसांत तो आपोआप ओसरतो. त्याला घाबरायचं कारण नाही.

पण मालीश कुठे करायची नाही, यावर मला जरा थांबायचं आहे. कारण इथे माणसं जायबंदी होतात.

पोर झाडावरून पडतं. जांभूळ असो, आंबा असो. हात टेकतो आणि कोपर सुजतं. शहरापासून वाडी लांब, एसटी दिवसातून दोनदा, म्हणून आधी हाड बसवणाऱ्याकडे नेतात. तो हात ओढतो, तेल लावून जोराने चोळतो, बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधतो. मोडलेल्या कोपराला चोळलं तर काय होतं माहीत आहे? सांध्याभोवतीच्या स्नायूत हाड तयार होऊ लागतं. अक्षरशः हाड. मग ते कोपर वळत नाही, पोराचा घास तोंडापर्यंत जात नाही. आणि पट्टी करकचून बांधली तर रक्तपुरवठा तुटून पुढच्या हाताचे स्नायू मरतात, बोटं कायमची आकसून आत वळतात. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी १८८१ साली या व्यंगाचं वर्णन केलं. सव्वाशेहून अधिक वर्षं ते ठाऊक आहे आणि अजूनही अशी बोटं माझ्यासमोर येतात. पट्टी बांधल्यावर पोराची बोटं थंड पडली, पांढरी पडली, मुंग्या आल्या, बोटं सरळ करताना ते किंचाळलं, तर सकाळची वाट पाहू नका. पट्टी लगेच सोडा आणि दवाखाना गाठा.

कोपर हे एक झालं. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून तापली तर ती चोळू नका; शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावतो. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला गरम शेक देऊ नका. भाजलं तरी त्याला कळत नाही. ताप असताना, ताज्या मुरगळीवर, कातडी फुटलेल्या जागी मालीश नको. बाळंतिणीची आणि बाळाची मालीश हलक्या हाताची असू दे, बाळाचं नाक-कान तेलाने भरू नका. एवढं सांभाळलं तर आपल्या आजीच्या हाताला माझा मनापासून नमस्कार आहे.

तर मालीश स्नायूला सैल करते. मग बळकट कोण करतं?

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट आहे. आपल्या तालुक्यातलं फौजी आंबवडे गाव तुम्हाला सांगायला नको. पिढ्यानपिढ्या घराघरांतून माणसं फौजेत गेली. तेव्हा जखमी सैनिकाचं पुढे काय होतं, हा प्रश्न इथल्या लोकांना परका नाही. अमेरिकेत लष्करी रुग्णालयं गुडघ्याला इजा झालेल्या सैनिकांनी भरली होती. शस्त्रक्रिया होऊनही मांडी काडीसारखी बारीक राहायची. तेव्हाचा उपचार म्हणजे हलक्या हालचाली, पुष्कळ वेळा. थॉमस डिलॉर्म नावाचा एक तरुण लष्करी डॉक्टर होता. आजारपणानंतर वजनं उचलून त्याने स्वतःची तब्येत सावरलेली होती. त्याने उलट केलं. थोड्याच वेळा, पण जड वजन. आणि ताकद वाढेल तसं वजनही वाढवत न्यायचं. १९४५ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. महिनोन्‌महिने खाटेवर पडून असलेले सैनिक चालू लागले. आज जगातल्या प्रत्येक फिजिओथेरपी विभागात हेच तत्त्व चालतं. १९५३ साली परळच्या के.ई.एम. रुग्णालयात आपल्याकडे फिजिओथेरपीचं पद्धतशीर शिक्षण सुरू झालं, त्यातही हेच तत्त्व शिकवलं गेलं. आपल्या तालमीत मुद्गलाचं वजन वर्षागणिक वाढत जायचं, त्यातलं तत्त्वही हेच.

तुम्ही म्हणाल, ते तरणेबांड सैनिक. आमची म्हातारी कुठे वजन उचलणार?

उत्तर ऐका. १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात डॉ. मारिया फियातारोने यांनी दहा जणांना मांडीच्या ताकदीचा व्यायाम दिला. वय किती? शहाऐंशी ते शहाण्णव. हलका नाही, चांगला जड व्यायाम. आठ आठवडे. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. स्नायूची जाडीही वाढली. त्यांच्यापैकी काही जण काठीशिवाय चालू लागले. नव्वदीत! ‘आता वय झालं’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो? साठीला बोलतो, पंचावन्नला बोलतो. तिशीनंतर दर दहा वर्षांनी आपण स्नायूंचा काही भाग गमावतो, साठीनंतर आणखी वेगाने. पण तो गमावलेला भाग परत मिळवता येतो, कुठल्याही वयात, हे त्या दहा माणसांनी दाखवून दिलं आहे.

हे घडतं कसं? पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसा वाढत नाही. मेंदू त्याला हाक मारायला शिकतो. निजलेले तंतू कामाला लागतात. म्हणून दोन-तीन आठवड्यांतच पायरी चढणं सोपं वाटू लागतं. त्यानंतर स्नायू स्वतः वाढतो, आणि तो वाढतो विश्रांतीच्या दिवशी. व्यायाम त्याला फक्त निरोप देतो की वाढायला हवं.

आता मी माझ्या सगळ्यांत महत्त्वाच्या मुद्द्यावर येते. मला रोज ऐकू येणारं एक वाक्य आहे. ‘मॅडम, आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?’

प्रश्न खरा आहे. आषाढात लावणीला बाई कमरेत वाकते ती दुपारपर्यंत वाकलेलीच. पाय चिखलात, पाठीवर पाऊस. इथे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. आणि त्याच पोलादपूरच्या वाड्यांना चैत्र-वैशाखात टँकर लागतो. मग चुंबळीवर हंडा, कमरेवर कळशी आणि पुढे चढण. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो, भांड्याचं वजन वेगळं. राबासाठी पाला तोडायचा, डोक्यावरून भारा आणायचा, वरकस जमिनीत नाचणी लावायची, भात कापायचं, झोडायचं. मुंबईच्या जिममध्ये पैसे भरून कोणी एवढं करत नाही. मग हिची कंबर का दुखते? चाळिशीत हिला जमिनीवरून उठताना हात का टेकावा लागतो?

कारण कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. व्यायामात वजन तुम्ही निवडता, कष्टात ते तुमच्यावर येतं. व्यायामात ओझं हळूहळू वाढतं. हंडा मात्र वीस वर्षं तोच. शरीर त्या ओझ्यापुरतं तयार होतं आणि तिथेच थांबतं. व्यायामात एका दिवसाआड विश्रांती असते. लावणीच्या महिन्यात विश्रांती कुठली? आणि कष्टात तेच तेच स्नायू त्याच त्याच दिशेने वापरले जातात. वाकून काम करणाऱ्या बाईच्या पाठीचे स्नायू ताणून ताणून थकतात, छातीचे आणि खांद्याच्या पुढचे आखडतात, आणि कुल्ह्याचे, म्हणजे शरीरातले सगळ्यांत मोठे स्नायू, पूर्ण ताकदीने कधी वापरलेच जात नाहीत. युरोपातल्या कामगारांच्या अभ्यासांतही हेच वारंवार दिसलंय की कामावरच्या श्रमाने मोकळ्या वेळच्या व्यायामासारखं आरोग्य मिळत नाही, उलट कधी कधी हृदयावर ताण येतो.

म्हणून माझं उत्तर असं असतं. ताई, तुम्ही राबता म्हणूनच तुम्हाला व्यायाम हवा. जो हंडा आज तुमच्या ताकदीच्या शेवटच्या टोकाशी आहे, तो निम्म्या ताकदीत उचलता आला पाहिजे. मग मणका वाचेल. आणि या बायकांच्या हाताची पकड पाहा! ‘लॅन्सेट’मध्ये २०१५ साली सतरा देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार लोकांचा अभ्यास आला, त्यात भारतही होता. हाताच्या पकडीची ताकद पाच किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका साधारण सोळा टक्क्यांनी जास्त, असं त्यात दिसलं. पकड ही सगळ्या शरीराच्या ताकदीची खूण आहे. उमरठला तानाजींच्या समाधीपुढे आपण उभे राहतो तेव्हा कडा चढणारी पकड डोळ्यांसमोर येते. ती पकड तिथल्या बायकांच्या हातात अजून आहे. तिच्या जोडीला मांडी आणि कुल्हा बळकट व्हायला हवा.

एक मिनिट लवचिकतेसाठी. बऱ्याच जणांना वाटतं, ताकदीचा व्यायाम केला की अंग ताठ होतं. होत नाही. सांधा पूर्ण वाकवून, पूर्ण सरळ करून वजन उचललं तर लवचिकता ताणाच्या व्यायामाइतकीच वाढते. नव्या अभ्यासांनी हे दाखवलं आहे. पूर्ण खाली जाऊन काढलेली बैठक ही ताकदही आहे आणि लवचिकताही आहे. कमोड आले आणि आपलं उकिडवं बसणं गेलं. ज्यांचे गुडघे अजून वळतात त्यांनी दिवसातून काही वेळ उकिडवं बसा. ते घालवू नका. आणि आखडलेल्या स्नायूसाठी एक युक्ती सांगते, १९४० च्या दशकापासून ती फिजिओथेरपीत आहे. पाठीवर झोपा, एक पाय सरळ वर करा, तळव्यात जुनी ओढणी अडकवा. ताण येईल तिथे थांबा. आता पाय खाली ढकला, ओढणीने त्याला अडवा, पाच-सहा सेकंद. मग पूर्ण सैल सोडा, आणि पाय आणखी थोडा वर घ्या. तो आधीपेक्षा वर जातो. जोर लावल्यावर स्नायू सैल पडतो. त्याच्या आधी दोन मिनिटं हलकी मालीश केलीत तर आणखी छान. तेल आणि मेहनत अशी एकत्र येतात.

तरुण पोरांसाठी थोडक्यात. इथे गावोगाव कबड्डीचे सामने होतात. सामन्यात अंगाला तेल लावायला नियमाने बंदीच आहे, तेव्हा तेलाचा प्रश्न मिटला. मांडीच्या मागचा स्नायू फाटणं ही तुमची मोठी इजा. जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे, तुम्ही गुडघ्यांवर उभे राहून शरीर ताठ ठेवत हळूहळू पुढे झुकायचं, पडायची वेळ आली की हात टेकायचे. फुटबॉलमध्ये एवढ्या एका व्यायामाने ही इजा निम्म्यावर आली आहे. भरतीसाठी नुसतं धावणाऱ्या पोरांनी आणि पोरींनीही हा करा.

आता घरी काय करायचं? जिम नको, पैसे नकोत.

खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घडी घालून बसा. अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं, ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारा, पुरुषाला चौदा वेळा यायला हवं. सत्तरीच्या सुरुवातीला बाईला दहा, पुरुषाला बारा. कमी आलं तर पडण्याचा धोका जास्त, असा त्याचा अर्थ. ही परीक्षाही आहे आणि हाच व्यायामही आहे. आठ ते बारा उठबशा, थोडं थांबून पुन्हा तेवढ्याच. सोप्या झाल्या की हातात पाण्याने भरलेली लिटरची बाटली, मग दोन, मग पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी. शेवटच्या दोन उठबशा जड गेल्या पाहिजेत. नाही गेल्या तर वजन कमी आहे. खाली बसताना सावकाश, तीन मोजत. श्वास कोंडू नका, रक्तदाब चढतो. उठताना फुंकर मारा.

खांद्याला आणि पाठीला सायकलची जुनी ट्यूब. खिडकीच्या गजाला बांधा, दोन्ही टोकं धरून कोपरं मागे ओढा. लावणीने पुढे आलेले खांदे यानेच मागे जातात. घराची पायरी आहेच: एक पाय वर, चढा, सावकाश उतरा. भिंतीला टेकून जोर, जमलं की ओट्याला टेकून, मग जमिनीवर. आठवड्यातून दोन दिवस, जमलं तर तीन, मधे एक दिवस सुट्टी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली हेच सांगितलं आहे: प्रत्येक प्रौढाने आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा, आणि पासष्टीपुढच्यांनी तोल आणि ताकदीचा व्यायाम तीन दिवस. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, नुकती शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. गुडघ्याची झीज असलेल्यांनी मात्र व्यायाम टाळू नका. मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा भार हलका होतो.

आणि खुराक. तालमीतलं तिसरं अंग. दर किलो वजनामागे दिवसाला पाऊण ते एक ग्रॅम प्रथिनं हवीत. पन्नास किलोच्या बाईला चाळीसेक ग्रॅम. भात-भाकरीने हे पुरत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम. डाळ, कुळीथ, वाल, शेंगदाणे आहेत. आणि महाडच्या बाजारातला सुका जवळा, सुके बोंबील! त्यांच्या वजनात अर्ध्याच्या वर प्रथिनंच असतात. मात्र मिठाचे असतील तर भिजवून, धुऊन घ्या. घरातली बाई सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाचं कालवण खाते, हे आता बदलायला हवं. राबते ती, तर खुराकही तिला हवा.

बंधू-भगिनींनो, २२ जुलै २०२१ या तारखेची आठवण काढताना मला जड जातं. त्या दिवशी तळिये गावावर दरड कोसळली, महाडच्या बाजारपेठेत सावित्रीचं पाणी घराघरांत शिरलं. तळमजल्यावरची माणसं वरच्या मजल्यावर गेली. ज्यांना जिना चढता येत होता ती स्वतःच्या पायांनी गेली. ज्यांना येत नव्हता त्यांना उचलावं लागलं. आपण अशा मुलखात राहतो जिथे एक जिना चढता येणं, चिखलातून उठून उभं राहता येणं, पोराला कडेवर घेऊन चढण चढता येणं, हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होऊ शकतो. दरड आणि पूर रोखणं सरकारचं आणि अभियंत्यांचं काम आहे, ते त्यांनी केलंच पाहिजे. पण आपल्या मांडीची ताकद वाढवण्यासाठी कुणाच्या मंजुरीची गरज नाही.

एकच मागणं मागते आणि थांबते. तुमच्या वाडीत बचतगटाच्या बैठका होतात. भजनी मंडळ बसतं. समाजमंदिर आहे, शाळेचं मैदान आहे. त्या बैठकीची पहिली वीस मिनिटं उठबशांना, ट्यूबला आणि पायरीला द्या. एक वही ठेवा. कुणाला अर्ध्या मिनिटात किती उठबशा आल्या ते महिन्याला लिहा. आशाताईंना त्या वहीची माहिती द्या. कुणाचा आकडा घसरला तर त्यांना लगेच कळेल. आणि वहीत पहिलं नाव लिहाल ते वाडीतल्या सगळ्यांत वयस्कर बाईचं लिहा.